तुम्ही विचारलंत म्हणून : ब्रह्मदेश आणि अर्धा मार्क

आमच्याकडे रत्नागिरीला उतरलेली मंडळी सकाळी थिबा राजवाडा, म्हणजे ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी कैदेत ठेवलं तो वाडा, बघून येतात. दुपारी पानावर बसली, की सोलकढीच्या दुसऱ्या वाटीच्या आसपास कुणीतरी तो प्रश्न काढतंच. "काकू, ब्रह्मदेश म्हणजेच म्यानमार ना? मग ब्रह्मदेश कशाला म्हणायचे? ब्रह्मदेवाचा देश म्हणून?"

आमचे हे समोर असले तर "हो, हो" म्हणून मोकळे होतात आणि सुरमईची आणखी एक तुकडी वाढतात. मला ते जमत नाही. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. "हो" म्हणायला जीभ वळत नाही, आणि "नाही" म्हटलं की पुढचा तास आमच्या ओसरीवर भरतो. गेल्या मे महिन्यात पुण्याच्या एका कुटुंबाची बस या उत्तरापायी चुकता चुकता राहिली. म्हणून एकदाचं लिहून काढते. यापुढे कुणी विचारलं की कागद हातात देईन आणि मासळी गरम आहे तोवर जेवून घ्या म्हणेन.

आधी एक कबुली. १९८९ च्या सहामाहीला सातवीच्या पेपरात मी प्रश्न घातला होता, भारताच्या शेजारी देशांची नावे लिहा. एका पोराने चीन, नेपाळ, भूतान सगळं नीट लिहून शेवटी लिहिलं 'म्यानमार'. पुस्तकात 'ब्रह्मदेश' होतं. मी लाल पेनने गोल केला आणि अर्धा मार्क कापला. पोरगा पेपर घेऊन टेबलाशी आला. म्हणाला, "बाई, रेडिओवर सांगितलं, नाव बदललंय." मी म्हटलं, "पेपर रेडिओ तपासत नाही." वर्ग हसला, तो जाऊन बसला.

रेडिओ बरोबर होता. त्याच वर्षी १८ जूनला तिथल्या लष्करी राजवटीने कायदा करून इंग्रजीतलं 'बर्मा' काढून 'म्यानमार' केलं होतं. म्हणजे आमच्या शाळा उघडतात त्याच सुमाराला. मी मात्र ऑक्टोबरातही जुनं पुस्तक धरून बसले होते. त्या पोराचं पुढे येईलच.

आता राजवाडा बघून आलायत तर आधी राजाकडूनच सुरुवात करू. थिबा हे राजाचं नाव, असं सगळे धरून चालतात. ते मुळात गावाचं नाव आहे. मंडालेहून लाशिओला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, शान लोकांच्या मुलखात ते गाव आजही आहे. ब्रह्मी राजघराण्यात राजपुत्राला एखादं गाव तोडून द्यायचे, त्याचं उत्पन्न त्याने खायचं, आणि लोक त्याला त्या गावाच्या नावाने ओळखायचे. पावसचे ते पावसकर, चिपळूणचे ते चिपळूणकर, तसा हा थिबावकर. फरक एवढाच, की आपल्याकडे 'कर' लावायची पाळी बहुधा गाव सोडल्यावर येते. पावसात बसून कुणी कुणाला पावसकर म्हणत नाही.

त्या गावाचं नाव इंग्रजी नकाशात बघाल तर 'सीपॉ'च्या जवळपासचं काहीतरी दिसेल आणि तुम्ही म्हणाल, हे दुसरंच गाव. नाही, तेच. ब्रह्मी लिपी आपल्याच कुळातली आहे, क ख ग घ च्या ओळीनेच मुलं शिकतात. पण जिथे आपण 'स' म्हणतो त्या अक्षराला ते जीभ दातांत आणून 'थ'सारखं काहीतरी म्हणतात. लिहायचं सीपो, म्हणायचं थीबॉ. २९ नोव्हेंबर १८८५ ला राजा मंडालेत इंग्रजांच्या हाती लागला. त्याला ज्या बोटीने नदीतून खाली रंगूनकडे नेलं, तिचं नाव 'थुरिया'. आता 'थ'चा 'स' करून बघा. सूर्य! वर्गात इथवर आले की शेवटच्या बाकावरचेसुद्धा मान वर करायचे. भूगोलाच्या तासाला एवढं पुष्कळ झालं.

रंगूनहून मद्रास, आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तुम्ही बघितलात तो राजवाडा त्याला मिळाला तो १९१० साली. त्याआधीची चोवीस वर्षं बंगल्यांत गेली. राजवाड्यात तो सहा वर्षं राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये वारला. त्याची थोरली मुलगी इथेच राहिली, तिची मुलगी इथेच वाढली, मराठी बोलली आणि इथेच म्हातारी झाली. राजाची समाधीही इथेच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले, तेव्हा आमच्या रस्त्यावरचे खड्डे एका रात्रीत बुजले होते. तर गावाचं नाव राजाला लागलं, आणि राजाचं नाव पुन्हा आमच्या गावातल्या एका टोकाला लागलं. थिबा पॉइंटवर संध्याकाळी भेळ खाताना भाट्याच्या खाडीकडे बघत असाल तेव्हा तुम्ही खरं तर शान मुलखातल्या एका गावाचं नाव घेत असता.

उलट दिशेनेही एक माणूस गेला, ते रत्नागिरीत कुणाला सांगावं लागत नाही. टिळक आळीत जन्मलेले लोकमान्य १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांचा राजा आमच्याकडे, आमचा माणूस त्यांच्याकडे. पाहुण्यांना ही अदलाबदल फार आवडते, मला मात्र त्यातला कारभार जास्त महत्त्वाचा वाटतो. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानच्या कारभारातलाच एक प्रांत होता. मंडाले इंग्रजांच्या लेखी परदेश नव्हताच, लांबचा तुरुंग होता. म्हणून तर हे नाव आपल्या घरात एवढं मुरलं. माझ्या माहेरचं माजघराचं दार 'बर्मा टीक'चं, असं वडील अभिमानाने सांगायचे. आजी कुठल्याही जाड्याभरड्या तांदळाला 'रंगूनचा' म्हणून नाक मुरडायची. त्या काळी जगात सगळ्यात जास्त तांदूळ बाहेर धाडणारा मुलूख तोच होता, आणि १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतल्यावर तो यायचा बंद झाला. त्यानंतर आजी त्याच तांदळाची आठवण काढून हळहळायची. नाक मुरडलं होतं हे सोयीने विसरून.

बरं, आता मूळ प्रश्न.

ब्रह्मी भाषेत त्या देशाला दोन नावं आहेत आणि दोन्ही एकच आहेत. लिहिताना, भाषणात, सरकारी कागदावर 'म्यन्मा'. बाजारात, घरात, भांडताना 'बमा'. 'म'चा 'ब' झालेला, बाकी शब्द तोच. आपण लिहितो 'आहे' आणि बोलतो 'ए', तसलाच प्रकार. इंग्रजांनी ऐकलं ते बाजारातलं, त्याच कुळातलं त्यांचं बर्मा, पोर्तुगीजांचं बिर्मानिया. १९८९ साली लष्कराने बाजारातलं काढून कागदावरचं बसवलं. ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला तेव्हासुद्धा ब्रह्मी भाषेतल्या अधिकृत नावात 'म्यन्मा'च होतं, फक्त इंग्रजीत बर्मा लिहायचे. घरच्या माणसांसाठी काहीच बदललं नाही. बदललं ते बाहेरच्यांसाठी, आणि माझ्या पेपरासाठी.

हे नाव जुनं आहे. पगानच्या जुन्या ब्रह्मी राज्याच्या काळातल्या, ११०२ च्या एका मोन भाषेतल्या (तिथल्याच शेजारच्या लोकांची भाषा) शिलालेखात ते 'मिर्मा' असं येतं आणि ११९० च्या ब्रह्मी लेखात 'म्रन्मा'. पाली ग्रंथांत 'मरम्म'. बांगलादेशात चितगावच्या डोंगरात मार्मा नावाचे लोक राहतात, त्यांचं नावही याच शब्दाचं. या सगळ्यांत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. 'र'.

माझा खरा जीव या 'र'मध्ये अडकलाय, म्हणून जरा थांबते. जुन्या शब्दात तो पहिल्याच अक्षरात होता, म्र. पुढे ब्रह्मी लोकांच्या तोंडातून 'र' निसटून 'य' झाला. म्रन्माचं म्यन्मा झालं. रंगूनचं यांगॉन झालं ते याच वाटेने, ते काही वेगळं नाव नाही. लिहायचं अजून 'र'नेच, म्हणायचं 'य'. पश्चिम किनाऱ्यावरच्या राखाइन लोकांनी मात्र 'र' सोडला नाही, ते अजूनही म्रन्माच म्हणतात. किनाऱ्यावरच्या माणसाची बोली राजधानीचं ऐकत नाही, हे आम्हाला काय नवीन?

मग म्यानमारच्या शेवटी जो 'र' आपण एवढा ठसठशीत म्हणतो तो कुठला? तो ब्रह्मी नाहीच. इंग्लंडच्या इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा 'र' म्हणत नाहीत, तो फक्त आधीचा 'आ' लांबव म्हणून सांगायला असतो. 'कार' लिहायचं, 'का' म्हणायचं. त्या हिशेबाने कुणीतरी 'म्यन्मा'चा शेवटचा 'मा' लांब दाखवायला रोमन लिपीत 'र' जोडला. आपण ते स्पेलिंग वाचलं आणि इमानेइतबारे उच्चारलं. म्हणजे ज्या शब्दात 'र' सुरुवातीला होता तिथून तो गेला, आणि जिथे कधीच नव्हता तिथे आपण तो आणून बसवला. मराठी वर्तमानपत्रांत 'म्यानमार' असं छापलेलं बघते तेव्हा मला तो नको त्या जागी शिवलेल्या बटणासारखा दिसतो.

आता ब्रह्मदेव. पाहुण्यांना 'नाही' म्हटलेलं आवडत नाही, आणि मीही सरळ 'नाही' म्हणत नाही. ब्रिटिश ब्रह्मदेशाचा पहिला मुख्य आयुक्त आर्थर फेअर हा तिथल्या इतिहासाचा अभ्यासक होता, त्याचंही मत होतं की म्रन्मा हे 'ब्रह्म' वरूनच आलं, बौद्ध धर्म आल्यावर घेतलेलं नाव. पण त्यातला ब्रह्म म्हणजे आपला चार तोंडांचा, कमळात बसलेला नव्हे. बौद्ध ग्रंथांत एक कथा आहे. जगाच्या आरंभी ब्रह्मलोकातले तेजस्वी जीव आकाशातून हिंडत असत. खाली पृथ्वीवर दुधावरच्या सायीसारखा एक थर धरला होता. एकाने बोट लावून चाखलं, गोड लागलं. मग सगळे उतरले आणि खात सुटले. खाऊन खाऊन अंगं जड झाली, तेज गेलं, परत उडता येईना. तीच पुढे माणसं झाली. त्या ब्रह्मांचे वंशज ते म्रन्मा, अशी तिकडे जुनी समजूत. ही गोष्ट मी मुद्दाम उकडीच्या मोदकांच्या दिवशी सांगते. पाचव्या मोदकानंतर पाहुणे ओसरीवरच्या खांबाला टेकलेले असतात आणि ब्रह्मांचं काय झालं ते वेगळं समजवावं लागत नाही.

कथा गोड, पण भाषेच्या अभ्यासकांना ती पटलेली नाही, आणि मूळ अर्थावर त्यांचं एकमत नाही. सामान्य ब्रह्मी माणूस तिसरंच सांगतो. 'म्यन्' म्हणजे वेगवान, 'मा' म्हणजे कणखर, चपळ आणि चिवट लोकांचा देश. शब्दाचे दोन तुकडे करून अर्थ काढायची ही खोड आपल्यालाही आहे. रत्नागिरीत कुठल्याही सभेला जा, पहिला वक्ता 'रत्नांची खाण' म्हटल्याशिवाय बसत नाही. कानाला बरं वाटतं, आणि ज्याचं गाव त्याने म्हणावं. आपण मराठीत 'ब्रह्मदेश' केलं तेही असंच. परका शब्द आला की त्याला आपल्या देव्हाऱ्यात एखादी ओळखीची जागा शोधून द्यायची. मला ते नाव प्रिय आहे, मी बोलताना अजून तेच म्हणते. फक्त ते आपलं आहे, त्यांचं नाही, एवढं ध्यानात ठेवून.

कधी कधी एखादा वाचलेला पाहुणा विचारतो, "मग बर्मा म्हणणं चूक का?" इथे प्रकरण तापतं. १९८९ साली लष्कराने सांगितलं की 'बमा' म्हणजे फक्त बहुसंख्य जमातीचे लोक, आणि 'म्यन्मा' म्हणजे शान, कचिन, कारेन, राखाइन सगळ्यांसकट देश. ऐकायला रास्त. गंमत अशी, की १९३० च्या दशकात इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या 'दोबमा' म्हणजे 'आम्ही बमा' या संघटनेने नेमकं उलट सांगितलं होतं. त्यांच्या मते 'म्यन्मा' हे एका जमातीचं आणि 'बमा' हे सगळ्यांचं. एकाच शब्दाचे दोन उच्चार, आणि पन्नास-साठ वर्षांत कोणता उच्चार मोठ्या मनाचा ते साफ उलटलं. लष्कराविरुद्ध लोकशाहीसाठी लढणाऱ्या आंग सान सू ची आणि त्यांचे लोक कित्येक वर्षं हट्टाने बर्माच म्हणत राहिले, कारण नाव बदलताना लोकांना कुणी विचारलं नव्हतं. २०१६ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावर त्यांनी परदेशी राजदूतांना सांगून टाकलं, दोन्हीपैकी काहीही म्हणा. अमेरिकेचं सरकार कागदोपत्री अजून बर्माच लिहितं. यात कुणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. मी एवढंच बघते की शान, कारेन यांना या दोन्ही शब्दांत आपलं नाव सापडत नाही.

आणि एक. थिबाच्या घराण्याचा मूळपुरुष अलाउंगपया. त्याने १७५५ मध्ये समुद्राजवळचं एक गाव जिंकलं आणि त्याला नवीन नाव दिलं, यांगॉन, आपलं रंगून. अर्थ : वैर संपलं. सव्वाशे वर्षांनी त्याच घराण्याचा शेवटचा राजा त्याच गावावरून कैदी म्हणून गेला, आणि फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या बातम्या वाचवत नाहीत.

तो सातवीतला पोरगा. तो पुढे मर्चंट नेव्हीत गेला, आमच्या भागातली पुष्कळ मुलं जातात तशी. आता डोक्यावरचे केस गेलेत, चीफ इंजिनिअर आहे. परवाच्या गणपतीत आरतीला आला आणि नंतर ओसरीवर बसला. त्याच्या जहाजावरचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, राखाइन किनाऱ्यावरचा होता, तर इंजिनरूममधला एक जण यांगॉनचा. दोघे एकमेकांच्या 'र' आणि 'य' वरून एकमेकांना हसायचे, असं सांगत होता. मी त्याच्यापुढे कालचा पेपर सरकवला आणि म्हटलं, लिहून दाखव.

त्याने पेपराच्या कोऱ्या कडेला हळूहळू काढलं. गोल गोल अक्षरं, हलवायाने कढईत जिलब्या सोडाव्यात तशी. पहिला 'म' काढला आणि मग त्याच्या डावीकडून वर-खाली वळवून एक रेघ अशी घातली, की 'म' जणू कंसात बसला. त्या रेघेवर पेनाचं टोक ठेवून म्हणाला, "हा तो 'र', बाई. लिहितात अजून. म्हणत नाहीत." मी चष्मा लावून बघितला. बाराव्या शतकापासूनचा 'र', शेजारी कुणाच्या तरी फ्लॅटची जाहिरात.

मग पेन बंद करून म्हणाला, "आता तरी तो अर्धा मार्क द्या."

मी म्हटलं, "तू काय लिहिलं होतंस?"

"म्यानमार."

"मग शेवटचा 'र' कुठून आणलास?"

त्याने पेपर परत आपल्याकडे ओढला, त्या तीन जिलब्यांकडे बघितलं, बोटाने मोजल्यासारखं केलं. आतून ह्यांचा आवाज आला, घावणे निवतायत.